बरणीतले चौदा

बरणी लोणच्याची होती. झाकणाला मामांनी खिळ्यानं पाच भोकं पाडली होती आणि आत चौदा मासे होते. चौदा, कारण मामांनी मोजले होते. मोजल्याशिवाय मामा काही करत नाहीत. आरोग्य खात्यात हिवताप कर्मचारी म्हणून त्यांची सगळी नोकरी मोजण्यात गेली. घरं मोजायची, हौद-रांजण मोजायचे, त्यातल्या किती ठिकाणी अळी सापडली ते मोजायचं, तापाचे रुग्ण मोजायचे, रक्ताच्या काचपट्ट्या मोजायच्या. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी वडगाव निंबाळकरात जुनी माणसं त्यांना अजून 'मलेरियावाले' म्हणूनच हाक मारतात.

ओढ्यापलीकडच्या एका शेतकऱ्यानं यंदा शेततळं केलंय. प्लॅस्टिकचा कागद, कडेनं तारेचं कुंपण, सगळं रीतसर. पाण्यात अळ्या वळवळायला लागल्या तेव्हा त्यानं मामांना फोन केला. मामांनी परसातल्या दगडी हौदात गाळणी फिरवली, बरणी भरली आणि चपला शोधायला लागले. नेमकी दिवाळीच्या सुट्टीला आलेली माझी धाकटी बहीण ओट्यावर बसली होती. तिनं प्राणिशास्त्र केलंय आणि पुण्यात नद्यांमधल्या माशांच्या नोंदी करण्याचं काम करते.

"मामा, हे कुठं सोडताय?"

"शेततळ्यात. का?"

"नका सोडू."

मामा बरणी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मी पेपर खाली ठेवला. आमच्या घरी वाद बहुतेक वाटण्या आणि राजकारण यांवरून होतात. नखाएवढ्या माशावरून होणारा हा पहिलाच.

"अगं, गप्पी हाय हा. चिलापी न्हाई."

"गप्पीच आहे म्हणून म्हणतेय."

गप्पी. लहानपणी मला वाटायचं, हा मासा गप्पा मारत असणार. पाण्याच्या वरच्या थरात पाच-सहा जण तोंडाला तोंड लावून फिरत असतात, बुचुबुचु तोंड हलवतात, त्यामुळं शंकाही आली नाही. खरं नाव एका माणसाचं आहे. रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी हे साहेब त्रिनिदाद बेटावर शाळांचा कारभार बघायचे आणि उरलेल्या वेळात शंख-शिंपले, दगड, मासे गोळा करायचे. त्यांनी लंडनच्या संग्रहालयाला पाठवलेल्या माशाला १८६६ साली त्यांचं नाव दिलं गेलं. पुढं कळलं की सात वर्षं आधीच, १८५९ साली, पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं व्हेनेझुएलातून आलेल्या त्याच माशाचं बारसं उरकलंय. नियमाप्रमाणं शास्त्रीय नाव पीटर्सचं राहिलं, पण जगाच्या तोंडी साहेबच बसले. आमच्याकडं ते शाळेच्या आणि दवाखान्याच्या भिंतींवर गेरूनं रंगवले गेले: 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.'

"आपल्या शाळेची भिंत मीच रंगवून घेतली होती," मामा म्हणाले. "पेंटरनं 'हिवताप' दोनदा चुकवला."

"भिंतीबद्दल तक्रार नाही, मामा. तो मासा कुठला आहे माहितीय ना? दक्षिण अमेरिकेच्या वरच्या किनाऱ्याचा. व्हेनेझुएला, गयाना, त्रिनिदाद. तिथले उथळ ओढे, समुद्राला मिळायच्या आधीचं मचूळ पाणी, दलदल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो डासांसाठी आणि काचेच्या पेट्यांसाठी भारतात आणला. आपल्या नीरा नदीशी त्याचा काय संबंध?"

"उसाचा काय संबंध हाय? मिरचीचा? बटाट्याचा?" मामा बसले. बरणी मध्ये ठेवली. "पोरी, तू नदीचा हिशोब मांडतीस. मी घराचा मांडायचो. तवाचं सांगतो. १९६५ साली देशात हिवतापाचे लाखभर पेशंट उरले होते. सगळ्यांना वाटलं, गेला हिवताप. आन १९७६ ला किती? चौसष्ट लाख! डीडीटीला डास दाद देईनात, आन लोकं फवारलेल्या भिंती दुसऱ्या दिवशी सारवून काढायची. मी त्याच्यानंतर लागलो. खांद्याला पिशवी, दर पंधरवड्याला प्रत्येक घर. ताप हाय का? बोट द्या. टोचलं, काचपट्टी केली, गोळ्या दिल्या. कडू म्हणून पोरं थुंकायची. त्या धबडग्यात हा मासा मिळाला. ह्याला पगार न्हाई, रजा न्हाई, भत्ता न्हाई. हौदात टाकला की ड्युटीवर."

"अळ्या किती खातो?"

"दिवसाला ऐंशी ते शंभर. ट्रेनिंगमध्ये हेच शिकवायचे."

"तुम्ही मोजल्या होत्या?"

मामांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. मोजणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारायला धाडस लागतं.

"एकदा मोजल्या होत्या," ते म्हणाले. "बाटलीत मादी ठेवली, अळ्या मोजून टाकल्या. संध्याकाळपर्यंत साठ गेल्या. मंग माझंच लक्ष उडालं."

मला ही गोष्ट माहीत नव्हती. सरकारी कागदात शंभर लिहून आलेलं असताना घरी येऊन बाटलीत साठ मोजणारा माणूस खात्यात फार वर येत नाही. मामा आलेही नाहीत.

मग ते रंगात आले. माळकरी घरांची गोष्ट त्यांनी मला पूर्वी सांगितली होती, तिला पुन्हा सांगितली. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांद्यालाही मज्जाव, आणि हे दारात मासे घेऊन उभे. म्हातारीनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. मामा म्हणाले, खायचा नाही आजी, राखणीला ठेवायचाय, कुत्र्यासारखा. म्हातारी म्हणाली, आणि तो पाण्यात मुतंल त्याचं काय? त्यावर मामांकडं उत्तर नव्हतं. शेवटी प्यायच्या पाण्याला फडकं आणि जनावरांच्या हौदाला गप्पी, अशी तडजोड झाली.

"ती म्हातारी बरोबर होती," बहीण म्हणाली. "फडकं."

"काय?"

"फडकं बांधायचं. रांजण झाकायचा, आठवड्यातून एक दिवस कोरडा करायचा. डेंग्यूचा डास कुठं होतो? ड्रममध्ये, टायरात, कुलरमध्ये, कुंडीखालच्या बशीत. टायरात मासा सोडणार आहात? मासा दिला की माणसाला वाटतं, माझं काम झालं. झाकण बाजूला पडतं."

मामा काही बोलले नाहीत. हे त्यांनीही पाहिलं असणार.

"आणि दुसरं," ती म्हणाली. "कॉक्रेन म्हणून जगभरातले वैद्यकीय अभ्यास तपासणारी मंडळी आहेत. त्यांनी २०१३ साली आणि पुन्हा २०१७ साली डास खाणाऱ्या माशांवरचे सगळे प्रयोग काढून पाहिले. काही ठिकाणी पाण्यातल्या अळ्या कमी होतात, एवढं म्हणता येतं. पण गावातला हिवताप त्यानं कमी होतो का, हे सांगण्याइतका भरवशाचा एकही अभ्यास नाही."

"एकही?"

"कर्नाटकात विहिरींच्या गावांमध्ये चांगलं काम झालंय. तिथं हिवतापाचा डास मुख्यतः विहिरीत वाढत होता, विहिरीत मासे सोडले, रुग्ण घटले. पण शेजारी तशीच दुसरी गावं बिनमाशांची ठेवून दोन्हींची नीट तुलना करायला हवी ना?"

बराच वेळ मामा बरणीकडं बघत होते.

"माझ्या गावांत हिवताप उतरला," ते सावकाश म्हणाले. "रजिस्टरं असतील अजून कुठंतरी. पण तू म्हणतीस तसं धरलं, तर गप्पी सोडलेलं गावही माझंच, फवारणी झालेलंही माझंच, गोळ्या वाटलेलंही माझंच. बिनमाशांचं गाव मी ठेवलंच न्हाई कुठं. कोणाला म्हणायचं, तुमी तेवढं आजारी पडा, मला ताळा बघायचाय?"

यावर तिच्याकडंही उत्तर नव्हतं. विज्ञानाला तुलनेसाठी जे गाव लागतं, त्या गावात माणसं राहतात, हे वाक्य सभेत म्हटलं तर टाळ्या मिळतील. ओट्यावर तसं काही झालं नाही. मामीनं चहा आणून ठेवला आणि बरणी पाहून विचारलं, "लोणचं कुठं काढून ठेवलं?"

चहा झाल्यावर मामांनी विषय बदलला, किंवा तसं दाखवलं. "बरं, ते राहू दे. एक गंमत सांग. परसातल्या हौदात वीस वर्षं झाली, मी नवा मासा टाकला न्हाई. पहिल्यांदा टाकले तवा नर कसे होते? फिक्के. शेपटीला एखादा ठिपका. आता बघ."

तिनं बरणी उचलून उन्हाकडं धरली. माद्या मोठ्या, दीड-दोन इंची, मळकट करड्या. नर त्यांच्या निम्मे, पण अंगावर नारिंगी, काळे, निळसर डाग, एकासारखा दुसरा नाही.

"हे तुम्ही बघितलंत?" तिचा आवाजच बदलला.

"रोज बघतो."

मग तिनं त्रिनिदादच्या डोंगरांतली हकिकत सांगितली. तिथल्या ओढ्यांना धबधबे आहेत. धबधब्याच्या खाली मोठे शिकारी मासे, वर ते चढू शकत नाहीत. गप्पी दोन्हीकडं आहेत. खालचे नर फिके, वरचे रंगीत. खाली जो चमकतो तो खाल्ला जातो. वर खाणारा कोणी नाही आणि माद्यांना चमकणारा आवडतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रंग वाढत जातो. जॉन एंडलर नावाच्या शास्त्रज्ञानं कृत्रिम तळी करून हे तपासलं आणि १९८० साली छापलं. शिकारी टाकला की थोड्याच पिढ्यांत ठिपके कमी, काढला की पुन्हा वाढ. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांची गोष्ट असं समजणाऱ्यांना ती डोळ्यांदेखत घडताना दाखवणारा मासा हाच.

"म्हंजी माझा हौद धबधब्याच्या वरचा," मामा म्हणाले.

"असू शकेल. पुरावा म्हणून नाही चालणार, पण असू शकेल."

पाच मिनिटं दोघं विसरले होते की भांडण चाललंय. मामांनी तिला कुठला नर सर्वांत आगाऊ आहे तेही दाखवलं. मी मध्ये पडलो नाही. आपल्याकडं विज्ञानाची गोडी लावायची म्हणून पुष्कळ खटपट होते, आणि इथं लोणच्याच्या बरणीत ती आपसूक लागत होती.

"म्हणूनच भीती वाटते," ती शेवटी म्हणाली. "इतक्या झपाट्यानं बदलणारा जीव जाईल तिथं टिकतो. त्रिनिदादमध्ये डांबराचं एक तळं आहे, खरोखरचं डांबर, त्याच्यावर साचलेल्या पाण्यातसुद्धा हा मासा राहतो. गोडं पाणी चालतं, मचूळ चालतं, गटार चालतं."

इथं मात्र मला राहवलं नाही. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० साली लिहिलेली एक पुस्तिका आहे. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळी मुलखात बारमाही पाणी आलं, ऊस आला, आणि पंचवीस वर्षांच्या आत पाझरलेल्या पाण्यानं क्षार वर आणून जमिनी चोपण व्हायला लागल्या. आमच्या भागात कालव्याच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी साय धरते ती हीच. म्हटलं, समुद्राकाठच्या मचूळ पाण्यातला मासा या जमिनींतल्या चरांत आला तर त्याला माहेरी आल्यासारखंच वाटेल.

"दादा, तू कोणाच्या बाजूनं आहेस?" बहिणीनं विचारलं. मी पुन्हा पेपर घेतला.

"टिकतो ते टिकू दे की," मामा म्हणाले. "एवढासा जीव. कोणाचं काय खातोय?"

"दुसऱ्या माशांची अंडी, नुकती निघालेली पिल्लं. चिलापीचं काय झालं ते तुमच्यासमोर आहे. तीही परकीच, आफ्रिकेच्या किनाऱ्याची, मोझांबिककडची. १९५२ साली इथं आणली. सात वर्षांत मत्स्यतज्ज्ञांच्या समितीनं सांगितलं, हिचा प्रसार थांबवा. थांबला? आज उजनी धरणात काय निघतं जाळ्यात?"

"चिलापी."

"इंदापूरच्या बाजारात?"

"चिलापी. आन परवा भिगवणला तू काय खाल्लंस?"

ती हसली. "चिलापी. चांगली होती. तोच तर घोळ आहे. दोन पिढ्यांत ती आपली झाली. कर्नल साइक्स म्हणून एक इंग्रज होता, त्यानं दख्खनच्या नद्यांतल्या माशांची यादी केली, १८४१ साली छापली. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्या, सगळं आपलंच खोरं. त्यात चिलापी नाही, गप्पी नाही. त्यातले कितीतरी मासे आज आम्ही शोधतो आणि जाळं रिकामं येतं."

"ते गप्पीनं खाल्ले?" मामांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "जाळं रिकामं येतं ते ह्याच्यामुळं? नदीला बंधारे घातले कोणी? उन्हाळ्यात डबकी उरतात, त्यात मच्छरदाणीचं कापड लावून बोटाएवढी पिल्लं ओढतंय कोण? पाण्याला वास कशाचा येतो? माझ्या लहानपणी नीरेत वाम निघायची हातभर, मरळ निघायची. ती गेली तवा वडगावात गप्पी कोणाला माहीत बी नव्हता. सगळं माणसांनी करायचं आन नाव ह्या टीचभराचं घ्यायचं."

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "हे मान्य. नदी आधी मोडली, मग हे परके मासे आत शिरले. हौदातल्या गप्पीबद्दल मी भांडत नाहीये. डासांसाठी आणलेला दुसरा मासा, तो गॅम्बुशिया, १९२८ साली इटलीहून आणलेला, तो आणि चिलापी हे दोघंही जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आहेत. गप्पी त्या यादीत नाही. पण मोडलेली नदी कधी सुधारायची म्हटली, पाणी स्वच्छ केलं, बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर काढल्या, तर परत येणाऱ्या माशाला जागा तरी मोकळी असावी ना?"

"आन तवर डास?"

"आपले मासे आहेत की. डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला, पृष्ठभागाला चिकटून फिरणारा एक आहे, सह्याद्रीच्या ओढ्यांत दिसतो. तोही अळ्या खातो."

"धरून आण. माझ्या हौदात टाक. किती दिवस जगतो बघू." मामा हे चेष्टेनं म्हणाले नव्हते. "मी प्रयत्न केलाय, पोरी. ओढ्यातले मासे आणून बघितले. दुसऱ्या दिवशी पालथे. ह्यो मात्र बाटलीत, बादलीत, डब्यात कुठंबी जगतो. म्हणून तर सरकारनं ह्याला धरलं."

"ज्या गुणामुळं तो तुम्हाला हवा आहे तोच मला नको आहे, असं झालं हे."

मला वाटतं, वाद खरा इथंच संपला होता. पुढचं सगळं पाण्याबद्दल होतं, माशाबद्दल नव्हतं. हौदाचं पाणी उपसलं तर परसातल्या केळीला जातं आणि तिथं मुरतं. माझ्या मते त्या हौदात मामांनी गप्पी ठेवले तर कोणाचं काही बिघडत नाही, आणि बहिणीचंही मत फार वेगळं नव्हतं. शेततळ्याची गोष्ट वेगळी. तिनं जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या. हे तळं. ही त्याची सांडव्याची नळी. पाऊस जोराचा झाला, किंवा कालव्याचं आवर्तन चालू असताना मोटार बंद करायची राहिली, की पाणी नळीतून चारीला. चारीचं ओढ्याला. ओढा नीरेला. नीरा पुढं भीमेला.

"एखादा गेला वाहून तर काय होतं?" मामांनी विचारलं, पण उत्तर माहीत असल्यासारखं.

"एखादी. मादी असली तर बास. नराशी एकदा संग झाला की ती त्याचं बीज पोटात महिनोन्‌महिने सांभाळून ठेवते आणि दर महिन्याला पिल्लं देत राहते. त्रिनिदादमध्येच २०११ साली प्रयोग छापला गेलाय. टाकीत एकेकच गाभण मादी सोडली, नर नाही, दुसरं कोणी नाही. दोन वर्षांनी बहुतेक टाक्यांत मासेच मासे."

"अंडी न्हाई घालत हा. म्हशीवाणी थेट व्यायतो," मामा माझ्याकडं वळून म्हणाले, जणू मला हे पहिल्यांदाच कळत होतं.

मोबाइल वाजला. शेततळ्याचा मालक. मामांनी 'येतो, येतो' म्हटलं आणि मग अचानक विचारलं, "तुझ्या तळ्याला सांडवा कुठल्या अंगाला काढलाय रं? ... व्हय, पण तोंडाला जाळी हाय का? ... बारीक? मच्छरदाणीची नव्हं, ती फाटती. ... थांब, मी येऊन बघतो. ... न्हाई, मासे आज न्हाई आणत."

फोन खिशात ठेवून त्यांनी चपला घातल्या. बहीण बरणीपाशी उकिडवी बसली होती, काचेला नाक लावून.

"मामा, यातल्या ह्या मादीच्या शेपटीजवळचा डाग बघितलात? काळा झालाय पार. आज-उद्या व्यायची ही."

"मंग पाणी बदल तिचं," मामा फाटकातून म्हणाले. "आन मोठं भांडं घे."